पीटी सरांचा सिनेमा

शिट्टी नसलेला पीटीचा शिक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. पुसदला ज्या शाळेत मी मराठी शिकवत होतो, तिथंच ते होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच होतं, एरवी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना पीटी सर म्हणत. मैदानावर पोरांचा कल्ला चाललेला असला की ते मधोमध जाऊन हात मागे बांधून नुसते उभे राहायचे. थोड्या वेळानं जवळची पोरं गप्प व्हायची, मग त्यांच्या मागची. शेवटी कडेला भांडणारी एखादी जोडी उरायची, आणि आपलं भांडण सगळं मैदान ऐकतंय हे कळल्यावर तीही ओशाळून रांगेत यायची. मुख्याध्यापकांनी एकदा स्वतः जाऊन त्यांच्यासाठी शिट्टी विकत आणली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि कपाटात ठेवून दिली.

ते वाकणं सगळ्या गावाला माहीत होतं. कराटे शिकल्यापासून लागलेली सवय. मैदानात पाय ठेवताना वाकायचे, स्कूटरला किक मारण्याआधी वाकायचे, बाजारात वांगी घेऊन झाली की भाजीवालीपुढंही वाकायचे. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढं त्याही पिशवी हातात देऊन समोरून वाकू लागल्या. दिसायला म्हणाल तर तहसील कचेरीतल्या कारकुनासारखे. बुटके, काळेसावळे, पुढचे केस गेलेले, चष्म्याला मागून काळी दोरी. या माणसाची लाथ स्वतःच्या डोक्याच्या वर जाते हे सांगून कुणाला पटलं नसतं.

कराटे ते नागपूरला शिकले, पण वेड त्याआधीचं होतं. त्यांच्या लहानपणी गावात एक व्हिडिओ पार्लर होतं, आणि त्याचा स्पीकर फाटलेला होता. त्यामुळं मारामारीचे सगळे परदेशी सिनेमे त्यांनी मुक्यानं पाहिले. मारामारी ऐकू यायला लागली की दिसायची बंद होते, असं ते नेहमी म्हणत. हाणामारीच्या सिनेमात माणसं इतकी ओरडतात कशाला, हा त्यांचा खरोखरचा प्रश्न होता.

आज त्यांचा स्वतःचा सिनेमा आमच्या भागात ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहे. रसवंतीवरचा पोरगा त्यातला संवाद म्हणून ग्लास पुढं सरकवतो. एका वरातीत नवरदेवाचे मित्र त्यातल्या मारामारीच्या चालीवर नाचताना मी पाहिलेत. त्यात खलनायक मी आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण बँकेत रांगेत उभा राहिलो की अजून कुणीतरी कुजबुजतंच, अबे, तो मैदान हडपणारा.

सिनेमा काढायचा हे त्यांनी स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगितलं, उद्या वाटाण्याची उसळ आणतो म्हणावं इतक्या साध्या आवाजात. आम्ही हसलो. मी विचारलं, कराट्याचाच कशाला? काढायचाच तर आपल्या इकडच्या जगण्यावर काढा. ते बराच वेळ घास चावत राहिले.

"आपल्या इकडच्या माणसावर कोणी सिनेमा काढला का सर, तं तो त्यात रडतेच," ते म्हणाले. "रडते नाही तं मरते. पोरं पाहतात ना ते. एकदा तरी आपल्यातल्या कोणी पडद्यावर लाथ मारली पाहिजे."

मग ते माझ्याकडं पाहत म्हणाले की खलनायक तुम्हीच. मी हबकलो. माझं वजन तेव्हा शाळेच्या फळ्याएवढंही नसेल. पण त्यांचं ठरलं होतं. माझा चेहरा सज्जन माणसाचा आहे आणि गावातली खरी वाईट माणसं अशीच दिसतात, हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला राग धरता आला नाही.

सिनेमाचं नाव 'रिकामा हात'. कराटे या शब्दाचा अर्थच तो. गावानं मात्र निर्मात्याची परिस्थिती नावातच आली म्हणून चेष्टा केली. गोष्ट सोपी होती. गावाच्या कडेला एक भाऊ आणि त्याची बहीण राहतात, भाऊ मैदानावर पोरांना कराटे शिकवतो. एका पुढाऱ्याला, म्हणजे मला, त्या मैदानावर मंगल कार्यालय बांधायचं असतं. भाऊ मला आणि माझ्या माणसांना लोळवतो. संपलं. भावाचं काम गजूकडं होतं. गजू म्हणजे गजानन, सरांचा जुना विद्यार्थी, उंच, खांदे भरलेले, मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला. सरांचा त्याच्यावर इतका जीव की त्याच्याशी बोलताना त्यांचा आवाज आणखी खाली जायचा. बहीण झालेली शीतल आमच्याच शाळेत अकरावीला होती, सरांच्या कराटेच्या वर्गातली. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. तिला सुरुवातीला कामच नव्हतं, दारात उभं राहून भावाला पाणी द्यायचं एवढंच.

कॅमेरा लग्नाची शूटिंग करणाऱ्या दिलीपचा. त्यामुळं आमचं शूटिंग पंचांगावर चालायचं. मुहूर्त असले की दिलीप नाही. मुहूर्त संपले की पाऊस. आमचं बरंचसं काम चिखलात झालं. दिलीपला सवय लग्नाची, त्यामुळं गजूची लाथ हवेत गेली की तो कॅमेरा हळूच तोंडावर न्यायचा, मुलीची पाठवणी असावी तसा. पहिल्यांदा जोडून आणलेल्या तुकड्यात तर माझी माणसं आडवी होत होती आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या. मी हसून लोळलो. सरांनी शेवटपर्यंत पाहिलं, दिलीपसमोर वाकले आणि पाकळ्या काढ म्हणून हळूच सांगितलं.

त्यांचा एकच नियम होता. सिनेमात कुणाचा वार कुणाच्या अंगाला लागायचा नाही. बोटभर अंतरावर थांबला पाहिजे. मारणं कुणालाही येतं, थांबवायला शिकावं लागतं, हे ते वर्गातही सांगत. त्यामुळं एकेका मारामारीला सकाळची दुपार व्हायची. माझी चिकटवलेली मिशी घामानं निघून यायची आणि ते शांतपणे म्हणायचे, पुन्हा.

अर्धा सिनेमा झाला आणि गजू गेला. पोलीस भरतीत त्याचं नाव लागलं, ट्रेनिंगला बोलावणं आलं, आणि तो कुणालाही न सांगता गेला. त्याच्या आईनं शाळेत येऊन सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. ती माउली फाटकापाशी उभी राहून सरांची माफी मागत होती, लेक लाजला म्हणून भेटला नाही म्हणाली. सरांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, पोराला नोकरी लागली म्हणून तिचं अभिनंदन केलं. ती गेल्यावर ते मैदानावर जाऊन उभे राहिले. तेव्हा मैदानावर गप्प करायला कुणी नव्हतं.

आम्हाला वाटलं, सिनेमा बुडाला. दिलीपनं तर आधीचं शूटिंग पुसून कार्ड लग्नाला वापरू का म्हणून विचारलं. आठवडाभर सर त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. मग एका सकाळी वर्गात शीतल एकटीच सराव करत असताना ते माझ्या खांद्याला धरून मला खिडकीशी घेऊन गेले. तिला पाहत म्हणाले, मैदान वाचवायला भाऊच कायले पाहिजे? असा तो सिनेमा बहिणीचा झाला. भाऊ मध्येच दिसेनासा होतो आणि दारात पाणी घेऊन उभी राहणारी पोरगी तांब्या खाली ठेवून अंगणात उतरते. लोक आज ज्या दृश्याला शिट्ट्या मारतात, ते आमच्या अडचणीतून आलेलं आहे.

शीतल गजूपेक्षा बरी होती. तिच्यात ताकद कमी होती, पण तिचा हात थांबायचा. माझ्या नाकापुढं येऊन थांबलेल्या त्या मुठीची हवा मला लागायची, एवढंच.

आणि तरी हात मोडला तो तिचाच. सरांना वाटलं की सिनेमात एक तरी गोष्ट खरी असावी. म्हणून शेवटच्या मारामारीआधी शीतल हाताच्या कडेनं कवेलू, म्हणजे छपरावरचं कौल, फोडते असं दृश्य त्यांनी घातलं. सरावाला गावठी, पातळ कवेलू आणले होते. ते ती सहज फोडायची. पण सरावातच ते संपले. शूटिंगच्या दिवशी आणले ते कारखान्याचे, जाड. सरांनी एक हातात घेऊन ठोकून पाहिला. मी बाजूलाच होतो. त्यांना कळलं होतं. पण दिलीपला दुपारी एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जायचं होतं, आभाळ भरून आलं होतं, आणि ज्या माणसाला मी कधीच घाईत पाहिलं नाही, त्यानं त्या दिवशी घाई केली.

तिनं आवाज केला नाही. हात पोटाशी धरला आणि आधी दिलीपकडं पाहिलं, शॉट झाला का म्हणून.

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात तिचे वडील ड्यूटीवरून तसेच खाकीत आले. मला वाटलं, ते सरांच्या अंगावर धावतील. ते नुसते समोर उभे राहिले. "उजवा हात हाय, सर," ते म्हणाले. "बारावीचं वर्ष हाय." शीतल तोवर बारावीत गेली होती. सर त्यांच्यापुढं वाकलेही नाहीत. मान खाली घालून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते उजवा हात गळ्यात बांधून. सगळ्यांना वाटलं, धडपडले. कुणी विचारलं की ते फक्त नाही म्हणायचे. खरं काय ते मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मी घरी गेलो तेव्हा वहिनी चिडलेल्याच होत्या.

"पोरीचा हात मोडला तं याईनं सोताचा बांधला," त्या म्हणाल्या. "शर्टाची बटनं कोण लावून राह्यलं? मी."

शीतलचं प्लास्टर निघेपर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही. डाव्या हातानं हजेरी भरली, डाव्या हातानं दाढी केली, गालावर रोज एक नवी जखम. स्कूटर बंद, सगळीकडं पायी. एका पंगतीत डाव्या हातानं जेवले तर शेजारचे म्हातारे पान उचलून दुसरीकडं गेले. मी त्यांना समजावलं की यानं त्या पोरीचं हाड लवकर जुळणार नाही. ते म्हणाले, ते माहीत आहे. मला आजही त्या वागण्याचा अर्थ पुरता लागलेला नाही. त्यात थोडं नाटक होतं का? असेलही. पण नाटक करणारा माणूस लोक पाहतात का ते पाहतो. हे त्या दिवसांत कुणाकडंच पाहत नव्हते.

त्याच काळात क्रीडा बैठकीसाठी त्यांना यवतमाळला जावं लागलं. मीही बोर्डाच्या कामासाठी बरोबर होतो. गाडी भरलेली, आम्ही उभे. सर एका हातानं वरचा दांडा धरून. गाडी सुटल्यावर लक्षात आलं, स्टिअरिंगवर शीतलचे वडील होते. वळण आलं की सर पूर्ण फिरून माणसांवर जायचे, माफी मागायचे, पुन्हा दांडा पकडायचे. पुढच्या आरशात ड्रायव्हरचे डोळे मला दिसत होते. ते रस्त्याइतकेच आमच्याकडं होते.

दारव्ह्याला गाडी चहाला थांबली तेव्हा शीतलचे वडील खाली उतरून सरळ आमच्याकडं आले.

"तुमच्या हाताले काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले.

"मंग बांधला काहून?"

"तिचा सुटला का माहाही सोडतो."

ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं, मग त्या मळक्या पट्टीकडं. चहा आला, तो तिघांनी प्यायला. गाडी निघताना त्यांनी केबिनचं दार उघडलं, तिथली आपली पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि सरांना आत बसायला सांगितलं. यवतमाळपर्यंत दोघं शेजारी बसून गेले. एक शब्द बोलले नाहीत, असं सरांनीच नंतर मला सांगितलं, आणि तो प्रवास फार चांगला झाला असंही.

शीतलनं परीक्षा स्वतःच्या हातानं दिली. निकालानंतर ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली, मागं वडील. पेढे देऊन झाल्यावर ती सरांना म्हणाली, "सर, हाड जुळलं. आता सिनेमाचंही जुळवा."

सरांनी साफ नकार दिला. सिनेमा बंद झाला म्हणाले. तेव्हा वडील पुढं आले आणि त्यांनी सांगितलं की पोरीनं घरी परवानगी मागितलीच नाही, कळवलं फक्त. आता तुम्ही नाही म्हणून राह्यले तं तुम्हीच तिले समजवा, माह्यानं होत नाही. सरांनी तिच्याकडं पाहिलं. ती नुसती उभी होती. मैदानावर ते उभे राहायचे तशी. थोड्या वेळानं सर खुर्चीतून उठले आणि तिच्यापुढं वाकले.

शेवटची मारामारी आम्ही पूस नदीच्या कोरड्या पात्रात घेतली. कवेलूचं दृश्य त्यांनी काढून टाकलं होतं. त्याऐवजी एवढंच ठेवलं की माझी सगळी माणसं पळालेली आहेत, मी एकटा उरलोय, ती हात उगारते आणि हात माझ्या तोंडापाशी थांबतो. मला सांगितलं होतं की मागं पडायचं. पण तो एकदा मोडलेला हात, नीट सरळ, माझ्या डोळ्यांपुढं येऊन थांबला आणि मी मागं पडायचं विसरलो. मी वाळूत बसलो. मी पुन्हा करू का म्हणून विचारणार होतो, पण सर म्हणाले, बस झालं.

नदीतल्या वाऱ्यानं आवाज सगळा वाया गेला होता. तो पुन्हा भरायला एका जिनिंगमधल्या कापसाच्या गोदामात बसलो. चारी बाजूंनी कापूस असला की बाहेरचं काही आत येत नाही. हाड मोडल्याचा आवाज कापसाच्या झाडाची वाळलेली पऱ्हाटी मोडून काढायचा होता. दिलीपनं खूप छान मोडली. सरांनी ऐकलं आणि तो आवाज काढून टाकायला लावला. सिनेमात एकाही हाडाचा आवाज नाही.

गावातलं टॉकीज बंद पडलं होतं, म्हणून पहिला खेळ मंगल कार्यालयात लावला. पडदा म्हणजे दोन पांढऱ्या चादरी शिवून केलेला. खेळ सुरू झाला की गाव नुसतं एकमेकांना ओळखण्यात दंग. आपली म्हैस दिसली म्हणून एक जण उठून उभा राहिला. पण शेवटच्या दृश्याला सगळं शांत झालं. मी पडद्यावर वाळूत बसलो तेव्हा पुढून एक म्हातारी समाधानानं म्हणाली, "बसला मुडदा." आणि मग जो हशा आणि टाळ्या उठल्या, त्यात सिनेमाची शेवटची अक्षरं कुणालाच वाचता आली नाहीत.

पुढं कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला. पुण्याच्या काही तरुण मुलांनी आपल्या मंडळात दाखवायला आम्हाला बोलावलं. चष्मा लावलेल्या एका मुलानं फार अभ्यासून प्रश्न विचारला. नायकाला अर्ध्यावर अदृश्य करून कथानकाचा केंद्रबिंदूच हलवण्याचं धाडस तुम्ही कसं केलं? सर माइकपुढं वाकले आणि म्हणाले, "पोरगा पोलिसात भरती झाला." हसण्याचा भर ओसरायची ते वाट पाहत राहिले. लोक का हसले ते त्यांना कळलं नव्हतं.

तो पोरगा मागच्या वर्षी परत आला. गडचिरोलीहून बदली होऊन, हवालदार होऊन. मला चहाच्या टपरीवर भेटला. पोट सुटलेलं, कानशिलं पांढरी. सर अजून रागावले असतील ना, म्हणून त्यानं विचारलं. तू सिनेमा पाहिलास का, मी विचारलं. नाही म्हणाला. इतकी वर्षं मोबाइल हातात असून हिंमत झाली नव्हती.

मी त्याला धरूनच सरांकडं नेलं. सरही आता थकलेत, पण पहाटेचा वर्ग चालू आहे. गजूनं पायाला हात लावला. सरांनी आपल्या मुलाला टीव्हीवर सिनेमा लावायला सांगितलं. गजू खुर्चीच्या कडेवर बसून पाहत होता. स्वतःला उड्या मारताना पाहून तो हसला नाही. मग भाऊ दिसेनासा होतो तो भाग आला. लिहितानाच आम्ही सगळे सरांच्या मागं लागलो होतो की भावाला मारून टाका, पुढाऱ्यानं खून केला असं दाखवा, बहिणीच्या सुडाला जोर येईल. सर ऐकले नव्हते. कारणही सांगितलं नव्हतं. सिनेमात जो कुणी विचारेल त्याला शीतल एवढंच सांगते, बाहेरगावी गेला, येईल.

सिनेमा संपल्यावर गजूनं खाली पाहतच विचारलं.

"मले मारून काहून नाही टाकलं, सर? सोपं होतं ना."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तुही माय पाह्याले येणार होती. तिच्या डोळ्यांपुढं कसा मारू?"

गजूची आई दोन वर्षांमागं गेली. तो मान हलवत राहिला. माय फोनवर नेहमी म्हणे, तो म्हणाला, का त्या सिनेमात तू अजून यायचा हायस. वहिनींनी आतून पाणी आणलं. सर त्याला म्हणाले, सकाळी वर्गाला ये, पोट फार झालं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या बाजूनं फिरायला गेलो. मैदानावर पांढऱ्या कपड्यांतली लहान पोरं रांगेत उभी होती आणि शेवटच्या रांगेत, नवशिक्यांच्यात, हवालदार. त्याच्या एका बाजूला दात पडलेली एक मुलगी, दुसऱ्या बाजूला नाक ओढणारा एक पोरगा. सर एकेकाचे पाय पाहत रांगेतून येत होते. गजूपाशी आले, स्वतःच्या पायाच्या अंगठ्यानं त्याची डावी टाच जराशी आत सरकवली, आणि पुढच्या मुलीकडं गेले.